वाचकांचे प्रश्न : यंत्राने न पाहिलेला पाऊस

गेल्या अंकात हवामानाच्या अंदाजासाठी होणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. आरंभी एका शब्दाविषयी सांगणे आवश्यक वाटते. आपण ‘हवामान’ हा एकच शब्द उद्याच्या पावसालाही वापरतो आणि तीस-चाळीस वर्षांच्या सरासरीलाही. पत्रांमधला निम्मा गोंधळ त्यातूनच आलेला दिसला. म्हणून या उत्तरांत रोजच्या स्थितीला मी ‘हवामान’ म्हटले आहे आणि दीर्घकाळच्या स्वभावाला ‘जलवायुमान’.

प्रश्न : भौतिकशास्त्राची समीकरणे न सोडवता एखादे यंत्र दहा दिवसांचे हवामान सांगते, हे विद्यार्थ्यांना कसे समजावून द्यावे? हे केवळ पाठांतर नव्हे काय?
— एक विज्ञान शिक्षिका, सावंतवाडी

उत्तर : वेंगुर्ल्याचा जुना नाखवा वाऱ्याची दिशा आणि ढगांचा रंग पाहून होडी लोटायची की नाही ते ठरवतो, तेव्हा तो कोणतेही समीकरण सोडवत नाही. हजारो सकाळी पाहिल्यामुळे ‘असे असले की पुढे असे होते’ हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. नव्या मॉडेलांचे, म्हणजे अंदाज काढणाऱ्या संगणकीय रचनांचे, शिक्षण याच जातीचे आहे, फक्त त्यांनी पाहिलेल्या सकाळी साऱ्या पृथ्वीवरच्या असतात.

त्या सकाळी त्यांना कोठून मिळतात, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. युरोपीय मध्यम-अवधी हवामान अंदाज केंद्राने ‘ईआरए५’ नावाचा एक संग्रह तयार केला आहे. त्यात १९४० पासूनच्या प्रत्येक तासाचे जगभरचे तापमान, वारे, दाब आणि आर्द्रता सुमारे ३१ किलोमीटरच्या चौकटींत मांडलेली आहे. गूगल डीपमाइंडच्या ‘ग्राफकास्ट’ या मॉडेलला या संग्रहातील १९७९ ते २०१७ ही ३९ वर्षे दाखवण्यात आली. आत्ताची आणि सहा तासांपूर्वीची स्थिती द्यायची, पुढच्या सहा तासांनंतरची स्थिती विचारायची, उत्तर चुकले की मॉडेलमधील सुमारे ३ कोटी ६७ लाख अंक किंचित बदलायचे, आणि हे असंख्य वेळा करत राहायचे, अशी ती शिकवणी होती. शिकून झाल्यावर मॉडेलचे उत्तर पुन्हा त्यालाच प्रश्न म्हणून द्यायचे. असे चाळीस वेळा केले की दहा दिवसांचा अंदाज तयार होतो. एका यंत्रावर हे काम मिनिटभराच्या आत होते, तर समीकरणे सोडवणाऱ्या मॉडेलला त्याच कामासाठी महासंगणक लागतो आणि वेळही बराच लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पडताळणीत १,३८० कसोट्यांपैकी सुमारे ९० टक्के कसोट्यांवर ग्राफकास्ट युरोपीय केंद्राच्या तेव्हाच्या मुख्य मॉडेलपेक्षा सरस ठरले.

ही पडताळणी मॉडेलने कधीही न पाहिलेल्या वर्षांवर झाली होती, म्हणून याला पाठांतर म्हणता येणार नाही. मात्र आपल्या शंकेत तथ्य आहे. सरासरी चूक कमीत कमी राहावी असे शिकवल्यामुळे अशी मॉडेले दूरच्या दिवसांसाठी गुळगुळीत, कडा पुसट झालेले चित्र देतात, आणि खरा धोका तर कडांमध्येच असतो. दुसरे असे की, समीकरणे येथून हद्दपार झालेली नाहीत. ईआरए५ हा संग्रह म्हणजे प्रत्यक्ष निरीक्षणे आणि समीकरणांवर चालणारे मॉडेल यांचा मेळ आहे. ज्या आजच्या स्थितीपासून अंदाज सुरू होतो, तीही अशाच मेळातून मिळते. शिष्याने समीकरणे पाहिली नसली तरी त्याच्या गुरूने ती पाहिली आहेत.

प्रश्न : २०२५ च्या खरिपाआधी केंद्र सरकारने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला पावसाचा अंदाज कोट्यवधी शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवला, असे वाचले. यंत्राला चार आठवडे आधी सांगता येते, तर २०५० साली मराठवाड्यात किती पाऊस पडेल हे ते का सांगत नाही? मला केशर आंब्याची बाग लावायची आहे, म्हणून विचारतो.
— एक शेतकरी, अंबाजोगाई तालुका

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाने तेरा राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोसमी पावसाच्या आगमनाचा अंदाज पाठवला होता. त्यासाठी गूगलचे ‘न्यूरलजीसीएम’ आणि युरोपीय केंद्राचे ‘एआयएफएस’ ही दोन मॉडेले भारतीय हवामान विभागाच्या १२५ वर्षांच्या पर्जन्यनोंदींशी सांगड घालून वापरली गेली. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी, म्हणजे नेहमीच्या तारखेच्या सोळा दिवस आधी, मुंबईत पोहोचला. पुढे मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत त्याची वाटचाल थांबली. पहिल्या सरीवर भरवसा ठेवून बी टाकणाऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येते ती अशाच खंडात, आणि या अंदाजाने तो खंड आधी सांगितला होता. मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये नंतर दूरध्वनीवरून घेतलेल्या पाहणीत ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी मशागत, पेरणीची वेळ किंवा पिकाची निवड यांत बदल केल्याचे सांगितले. पेरणीचा निर्णय एकदाच घ्यायचा असतो आणि तो चुकला तर वर्ष हातचे जाते. म्हणून ही कामगिरी मला फार मोलाची वाटते.

२०५० चा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे. पुढच्या आठवड्याचा अंदाज आजच्या स्थितीतून निघतो : आज कमी दाबाचे क्षेत्र कोठे आहे, वारे कोणीकडून वाहत आहेत, यावर. पंचवीस वर्षांनंतरच्या पावसाला आजच्या ढगांची काहीही आठवण उरलेली नसते. तो ठरतो वातावरणातला कार्बन डायऑक्साइड, समुद्राची उष्णता, हवेतील धूळ-धूर आणि जमिनीचा वापर यांवरून. १९७९ मध्ये हवेच्या दहा लाख कणांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३३७ कण होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत आणि अजून वाढतच आहेत. ग्राफकास्टला दिल्या जाणाऱ्या माहितीत तर कार्बन डायऑक्साइडचा आकडाच नसतो, कारण दहा दिवसांसाठी त्याची गरज पडत नाही. भूतकाळ पाहून शिकलेल्या यंत्राला जो भूतकाळात कधी नव्हताच अशा काळाविषयी विचारायचे, ही खरी अडचण आहे. न्यूरलजीसीएममध्ये वातावरणाच्या हालचालींची समीकरणे कायम ठेवून फक्त ढग, पाऊस, सूर्यकिरण व उष्णतेचे प्रारण अशा सूक्ष्म क्रिया शिकवलेल्या आहेत. तरीही फार वेगळ्या जलवायुमानासाठी आपले मॉडेल विश्वासार्ह नाही, असे त्याच्या कर्त्यांनी २०२४ च्या शोधनिबंधात स्वतःच लिहून ठेवले आहे.

यात पडताळणीचीही अडचण आहे. दहा दिवसांचा अंदाज दहा दिवसांनी तपासता येतो. चुकला तर मॉडेल सुधारता येते आणि हे हजारो वेळा करता येते. २०५० एकदाच येणार, आणि तोवर आपली बाग फळावर येऊन जुनी झालेली असेल.

म्हणून आपल्याला मराठवाड्याच्या २०५० मधील पावसाचा एक आकडा कोणी सांगितला, तर त्यावर बागेचा निर्णय सोडू नये, मग तो आकडा कितीही आधुनिक यंत्रातून आलेला असो. विश्वास ठेवण्याजोगी गोष्ट निराळी आहे. तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवते. पुण्याच्या उष्णप्रदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या आहेत. थोड्या दिवसांत खूप पाऊस आणि मधे लांब उघडीप, ही शक्यता धरून बागेची आखणी करावी : पाणी साठवण्याची सोय आणि साचलेल्या पाण्याचा निचरा, दोन्हींची.

प्रश्न : डॉ. वसंत गोवारीकरांचे सोळा घटकांचे मॉडेल आमच्या पिढीने पाहिले आहे. तेही आकड्यांवरून पाऊस सांगत असे आणि २००२ मध्ये चुकले. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे तेच नव्या नावाने नव्हे काय?
— एक निवृत्त वाचक, पुणे

उत्तर : हा प्रश्न पुण्याहून यावा हे साहजिकच आहे, आणि आलेल्या पत्रांत मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटला.

गोष्ट गोवारीकरांच्याही आधीपासूनची आहे. केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये भारतीय वेधशाळांचे प्रमुख झाले. मोसमी पावसाचा संबंध जगभरच्या दाब-तापमानांशी कसा आहे, हे त्यांनी भारतीय कारकुनांकडून हाताने आकडेमोड करवून घेऊन शोधले. पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील दाबाच्या झोक्याला ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव त्यांनीच दिले. एल निनोचे, म्हणजे पॅसिफिकचे पाणी काही वर्षांनी नेहमीपेक्षा तापण्याचे, आजचे शास्त्र त्याच पायावर उभे आहे. परंतु पावसाच्या अंदाजासाठी त्यांनी निवडलेल्या अनेक घटकांचा संबंध पुढच्या दशकांत सैल पडत गेला. आकड्यांनी दाखवलेले नाते खरे होते, पण कायमचे नव्हते.

१९८८ मध्ये गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे मॉडेल हवामान विभागाने स्वीकारले. हिमालयातील बर्फ, एल निनो, उत्तर भारतातील तापमान अशा घटकांवरून संपूर्ण देशाच्या हंगामी पावसाचा एक आकडा त्यातून मिळे. त्या मॉडेलने कित्येक वर्षे चांगली साथ दिली. २००२ मध्ये त्याने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला आणि प्रत्यक्षात ८१ टक्के पडला. जुलैत तर जेमतेम निम्म्याच्या आसपास पडला. तो जुलै मला चांगला आठवतो. सकाळी साडेआठची पर्जन्यनोंद रोज कोरी येत होती आणि आम्ही नकाशात काहीतरी हलेल म्हणून पाहत राहायचो. पुढच्याच वर्षी विभागाने आठ आणि दहा घटकांची नवी मॉडेले आणली.

आता आजच्या काळाशी तुलना करू. हंगामी पावसाचा आकडा वर्षातून एकदाच मिळतो. सोळा घटकांचे नाते बसवायला हाताशी तीसेक वर्षांची माहिती असेल, तर नाते योगायोगानेही जुळू शकते, आणि ते योगायोगाचे होते हे ज्या वर्षी ते तुटते त्या वर्षीच कळते. ग्राफकास्टसारख्या मॉडेलला ३९ वर्षांतील दर सहा तासांची स्थिती, म्हणजे सुमारे ५७ हजार चित्रे मिळाली, आणि प्रत्येक चित्रात दहा लाखांहून अधिक बिंदू होते. वारा दाबाच्या फरकाने कसा वळतो हे ते मॉडेल इतक्या वेळा पाहते की, तेथे योगायोगाला फारसा वाव उरत नाही. म्हणून रोजच्या हवामानाच्या बाबतीत आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही, हे तेच नव्हे’ असे आहे.

हंगामी अंदाजाच्या बाबतीत मात्र मी तितक्या ठामपणे नाही म्हणणार नाही. तेथे आजचे सर्वांत मोठे न्यूरल नेटवर्कही (उदाहरणांवरून शिकणारे संगणकीय जाळे) गोवारीकरांच्याच अडचणीत आहे, कारण मोजलेले मोसमी हंगाम फार तर दीडशे आहेत आणि संगणक कितीही मोठा केला तरी ते वाढणार नाहीत. यावर एक मार्ग दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवला. एल निनो शिकवण्यासाठी खऱ्या नोंदी पुरत नाहीत म्हणून त्यांनी नेटवर्कला आधी समीकरणांवर चालणाऱ्या जलवायुमान मॉडेलांतील हजारो काल्पनिक वर्षे दाखवली आणि नंतर खऱ्या नोंदींवर त्याला घासूनपुसून घेतले. त्यातून एल निनोचा दीड वर्षापर्यंतचा उपयुक्त अंदाज मिळाला. येथेही गुरू भौतिकशास्त्रच आहे, आणि गुरूच्या चुका शिष्यात उतरतात हा धोकाही तेथेच आहे.

गोवारीकरांच्या मॉडेलविषयी एक गोष्ट आदराने नोंदवावीशी वाटते. त्याचा आकडा हंगामाआधी जाहीर होत असे आणि नंतर साऱ्या देशासमोर तपासला जात असे. जुन्या वर्षांवर उत्तम चालणारे मॉडेल दाखवणे सोपे असते. पावसाविषयी दावा करणाऱ्या प्रत्येक नव्या मॉडेलने आपला अंदाज आधी प्रसिद्ध करावा आणि बरोबर-चूक यांचा हिशेब उघड ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

प्रश्न : २६ जुलै २००५ सारखा पाऊस ही मॉडेले आधी सांगू शकतील काय?
— एक वाचक, कुर्ला, मुंबई

उत्तर : त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर. ३१ किलोमीटरच्या चौकटीत ही दोन्ही ठाणी जवळपास शेजारी येतात. ज्या संग्रहावरून मॉडेल शिकते त्यातच हा फरक पुरता उमटत नसेल, तर तो मॉडेलला कळावा कसा? जलवायुमानाच्या मॉडेलांची चौकट तर साधारण १०० किलोमीटरची असते. महाडपासून फलटणपर्यंतचा प्रदेश तीत एका आकड्यात बसतो. महाबळेश्वरचा साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि फलटणचा दुष्काळी माळ यांची ती सरासरी कोणत्याच गावची नसते. ही दरी बुजवण्यासाठी आता ढोबळ चित्रावरून बारीक चित्र काढायला मॉडेलांना शिकवले जाते. ते उपयुक्त आहे; पण बारीक चित्र म्हणजे अचूक चित्र असे समजू नये.

दुसरी अडचण न पाहिलेल्या टोकाची आहे. शिकागो विद्यापीठातील पेड्राम हसनजादेह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये एक नेमका प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी शिकवणीच्या माहितीतून सर्व तीव्र चक्रीवादळे काढून टाकली आणि मग मॉडेलला अतितीव्र वादळाची सुरुवात दाखवली. मॉडेलने ते वादळ सौम्य सांगितले. मात्र जगाच्या दुसऱ्या समुद्रातील तीव्र वादळे शिकवणीत ठेवली, तेव्हा आपल्या समुद्रात न पाहिलेले वादळही त्याला बऱ्यापैकी ओळखता आले. याचा अर्थ, मुंबईने एकदाच पाहिलेला पाऊस मॉडेल कदाचित इतर किनाऱ्यांवरच्या पावसावरून शिकू शकेल. जगात कोठेच न झालेला पाऊस त्याला सांगता येईल, असे आज म्हणता येत नाही. आणि अशा प्रसंगी मॉडेल ‘मला माहीत नाही’ असे म्हणत नाही, तर आत्मविश्वासाने कमी आकडा सांगते. मला याची सर्वांत अधिक काळजी वाटते. तासा-दोन तासांच्या इशाऱ्यासाठी ढगांतील पाऊस व त्याची हालचाल टिपणारे डॉप्लर रडार आणि दाट पर्जन्यमापक यांना आजही पर्याय नाही.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रचंड वीज लागते म्हणतात. जलवायुमानाच्या अभ्यासासाठीच ती वापरणे विसंगत नाही काय?
— एक अभियंता, न्यू जर्सी

उत्तर : येथे हिशेब उलटा आहे. मॉडेल शिकवताना एकदा बरीच वीज लागते, परंतु नंतरचा प्रत्येक अंदाज अत्यंत स्वस्तात मिळतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआयएफएस नित्य वापरात आणताना, एका अंदाजासाठी पारंपरिक पद्धतीच्या सुमारे हजारपट कमी ऊर्जा लागते असे युरोपीय केंद्राने सांगितले. संभाषण करणाऱ्या अजस्र मॉडेलांच्या तुलनेत हवामानाची मॉडेले फारच लहान असतात. तेव्हा या क्षेत्रात विजेपेक्षा विश्वासार्हतेची चिंता अधिक करावी.

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या क्षेत्रात यायचे असेल तर संगणकशास्त्र शिकू की हवामानशास्त्र?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : भौतिकशास्त्र सोडू नका. न्यूरल नेटवर्कने शिकलेले ढग पूर्ण मॉडेलला जोडल्यावर ते मॉडेल काही दिवसांतच कोसळले, असे सुरुवातीच्या प्रयत्नांत वारंवार घडले. पाणी आणि ऊर्जा यांचा ताळेबंद कोठे बिघडतो हे ओळखणारी माणसे तेथे लागतात, आणि ती दृष्टी भौतिकशास्त्रातून येते. पायथॉन ही संगणकाची भाषा शिकायला एक सत्र पुरते. ग्राफकास्ट, न्यूरलजीसीएम आणि एआयएफएस ही तिन्ही मॉडेले खुली आहेत. ईआरए५ ची माहितीही विनामूल्य मिळते. पुण्याच्या उष्णप्रदेशीय मौसम विज्ञान संस्थेत ‘अर्क’ हा महासंगणक २०२४ पासून आहे आणि तेथेच हवा, समुद्र व जमीन यांचा एकत्र हिशेब करणारे भारताचे पृथ्वीप्रणाली मॉडेल घडले आहे, म्हणजे हे काम शिकायला दूर जाण्याची गरज नाही.

माझी एक विनंती आहे. या सुट्टीत गगनबावडा आणि शिरोळ या दोन ठिकाणच्या पर्जन्यमापकांच्या जून ते सप्टेंबरच्या रोजच्या नोंदी मिळवा. त्याच दिवसांचा ईआरए५ मधील पाऊस त्यांच्याशेजारी लिहून काढा. घाटमाथ्यावर कोणत्या दिवशी किती फरक पडतो आणि तेव्हा वारा कोठून होता, हे पाहा. मॉडेलांना शिकवले जाणारे पुस्तक आपल्या जिल्ह्यापुरते कोठे चुकते, हे तुम्हाला त्यातून स्वतः मोजता येईल. काय आढळले ते या सदराकडे अवश्य लिहून पाठवावे. आम्ही ते छापू.